शेवटचा हात

आबांची स्प्लेंडर गॅरेजच्या दारात आली आणि ती स्टँडवर लागायच्या आधीच मला तिचा वास आला. क्लच जळाला की नाकाला झोंबतं, ब्रेकचे लायनर तापले तर पेटलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. ग्रीस जळतं तेव्हा मात्र भज्यांच्या कढईतलं जुनं तेल आठवतं. हा तो तिसरा वास होता. तो ओळखूनही मी त्या सकाळी पुढचा दीड तास नको तिथे हात घालत बसलो.

"मिस्त्री, गाडी वडंना झालीया," आबा हेल्मेट काढत म्हणाले. "काल मागं नवा टायर टाकला. तवापास्नं पसरणीच्या घाटात सेकंडला मरायला लागली. पयल्यात टाकून वर नेली. आन् येताना बंद करून सोडली तर उतारालाबी पळंना."

चढाला गाडी ओढत नाही असं सांगणारे रोज दोन येतात. उताराला पळत नाही म्हणणारा क्वचित.

"अण्णा म्हनला, मिस्त्रीला बेरिंग दाखवून घ्या."

मी हसलो. "आबा, पंक्चरवाल्याला बेरिंग काय कळतंय? त्यानंच कायतरी राहू दिलं असणार." समोरच्या टपरीवर चौघे चहा पीत बसले होते. त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो होतो. तेही हसले.

आबांचा धंदा दुधाचा. पहाटे चारला उठायचं, मेणवली, धोमच्या बाजूच्या गोठ्यांतून दूध गोळा करायचं, वाईत थोडं रतीबाला टाकायचं आणि बाकीचं घाट चढून पाचगणीला पोचवायचं. तिथली हॉटेलं, शाळांच्या मेस, पाच-सहा घरं. गाडीच्या दोन्ही अंगांना लोखंडी सांगाडा, त्यात चाळीस चाळीस लिटरचे दोन कॅन. लिटरभर दूध पाण्यापेक्षा किंचित जडच भरतं, म्हणजे नुसतं दूधच ब्याऐंशी किलो. वर कॅनचं वजन, सांगाड्याचं वजन आणि आबा. त्यातलं बहुतेक सगळं मागच्या चाकावर. पावणेतीन इंच रुंदीचा, अठरा इंची रिमवरचा टायर तो, आणि एरवी त्यावर कारकून माणूस डबा घेऊन ऑफिसला जातो. आबांचा मागचा टायर वर्ष काढत नाही. आठ-नऊ महिन्यांत त्याची नक्षी जाते, मग पट्टा दिसेपर्यंत ते दामटतात. यंदा दिवाळीला रतीबवाल्यांकडून चार पैसे मिळाले, त्यातून त्यांनी नवा घातला.

टायरचं काम माझ्याकडे होत नाही. जागा नाही आणि खरं सांगायचं तर आवडही नाही. ते अण्णाचं काम. अण्णा मूळचा केरळचा. महाराष्ट्रातल्या हमरस्त्यांवर पंक्चरच्या दुकानांत त्याच्या मुलखातली माणसं किती आहेत हे ट्रकवाल्यांना विचारा. हा आधी हायवेला ट्रकचे टायर करायचा, मग वाईत येऊन स्थिरावला. त्याला तीस वर्षं होत आली. मराठी बोलतो, 'ळ' तर आमच्यापेक्षा स्वच्छ म्हणतो. तरी आमच्या लेखी तो पंक्चरवालाच.

आमच्या धंद्यातही उतरंड आहे. सगळ्यात वर कंपनीचं सर्व्हिस सेंटर, तिथली पोरं गणवेशात असतात आणि फॉर्म भरून घेतात. ती आमच्यासारख्या रस्त्यावरच्या मिस्त्रींना मोजत नाहीत. आम्ही इंजिन खोलणारे, म्हणून आम्ही गाडी धुणाऱ्याला आणि पंक्चरवाल्याला मोजत नाही. अण्णा कुणाला मोजत नाही ते मला माहीत नाही. बहुधा त्याला तेवढा वेळ नसावा.

तर मी गाडी डबल स्टँडवर घेतली आणि माझ्या उस्तादाचा नियम लावला.

उस्ताद साताऱ्याचे. त्यांच्याकडे मी सहा वर्षं काढली, स्प्लेंडर १९९४ साली बाजारात आली तेव्हाही तिथेच होतो. त्यांचा नियम असा: काल नीट असलेली गाडी आज बिघडून आली तर पाना नंतर उचल, आधी विचार की शेवटचा हात कुणाचा लागला. इंजिनाचं काम करून आलेली गाडी बंद पडली तर बिघाड इंजिनात शोधायचा, वायरिंगवाल्याकडून आली तर वायरिंगमध्ये. नशिबाने नवंच काही बिघडलं असं फार थोड्या वेळा होतं. बहुतेक वेळा कुणीतरी काहीतरी उलटं बसवलेलं, घट्ट केलेलं किंवा विसरलेलं असतं.

आणि नियम खोटा नाही. टायर बदलून आलेल्या चाकाच्या बाबतीत तर मी तो शंभर वेळा खरा झालेला पाहिलाय. चाक काढताना एक्सल उपसला की ब्रेकच्या बाजूची छोटी कॉलर टपकन खाली पडते. अंगठ्याच्या पेराएवढी लोखंडी कडी. ती धुळीत लोळत गेली आणि बसवणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही, तर नट आवळल्यावर स्विंगआर्मच आत ओढला जातो, ब्रेकचं पॅनेल घासतं आणि चाक धरतं. अशी एक कॉलर मी कॉलेजच्या एका पोराला चक्क टायरवाल्याच्या दारातून शोधून आणायला लावली होती. पोरगा अर्ध्या तासाने ती मुठीत धरून आला, वर दोन दुसऱ्या गाड्यांच्याही घेऊन आला. पुढच्या चाकाचा प्रकार वेगळा. तिथे किलोमीटरच्या वायरीची जी पेटी असते तिचे दोन कान हबच्या खाचेत बसावे लागतात. न बसवताच नट आवळला तर कान चेमटतात. मीटर बंद पडतो आणि चाक जड होतं, आणि गिऱ्हाईक मीटरची तक्रार घेऊन येतं. टायरची कड रिमवर एका जागी चढलीच नाही तर गाडी चाळीसच्या पुढे उंटासारखी चालते. टायरच्या अंगावर रिमला लागून एक बारीक रेघ असते, ती सगळीकडून रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. न दिसली तर हवा काढून, साबणाचं पाणी लावून पुन्हा भरायची. हल्ली आणखी एक भर. २०१९ च्या एप्रिलपासून सव्वाशे सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, चाकाला सेन्सरची दातेरी चकती आली. टायर उचकटताना टॉमी तिच्यावर घसरली की चकती वाकते आणि समोर पिवळा दिवा पेटून राहतो.

एवढं सगळं डोक्यात असताना आबांच्या गाडीत मी अण्णाची चूक शोधायला बसलो, तेव्हा ती सापडणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

चाक हाताने फिरवलं. दीड फेरा घेऊन थांबलं. नव्या गाडीचं चाकसुद्धा चेन आणि लायनर सांभाळून याहून जास्त फिरतं. म्हटलं, ब्रेक चढवलाय. ब्रेकच्या रॉडचा नट चार आटे सोडला, पायात पेडल लुळं झालं. चाक पुन्हा दीड फेराच. चेन पाहिली. फार ताणली असेल तर चाक धरतं, पण खालून बोटाने उचलली तर इंचभर खेळत होती, हवी तशी. दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या होत्या, म्हणजे चाक तिरकंही नव्हतं. कॉलर पाहिली. जागच्या जागी. काढून पाहिली, ग्रीसचा हात फिरवून बसवलेली होती.

आता मला राग यायला लागला होता, आणि राग चूक सापडत नाही याचा होता. ब्रेकच्या पॅनेलला धरून ठेवणारी जी पट्टी असते तिच्या नटात कॉटर पिन नवी घातलेली. आमच्याकडे जुनीच सरळ करून पुन्हा घालतात, मीही घालतो. टायरचा बाण फिरण्याच्या दिशेला. रिमची रेघ कंपासने काढल्यासारखी सारखी. व्हॉल्व्हला टोपी. रिमच्या काठावर टॉमीचा एक ओरखडा नाही. टायरच्या अंगावर जे चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि मागचे दोन साल सांगतात. तेही पाहिले. माल ताजा होता, आबांच्या गळ्यात जुना पडलेला टायर मारलेला नव्हता. मी ते पाहिलंच कशाला? चाक जड फिरण्याशी त्या आकड्यांचा काडीचा संबंध नाही.

पोरगं, म्हणजे माझ्या हाताखालचा मुलगा, एवढा वेळ कार्बोरेटर पेट्रोलमध्ये धूत बसला होता. तो मान वर करत नव्हता. त्याचं तेव्हा मला नवल वाटलं नाही.

शेवटी जे पहिल्यांदा करायचं ते केलं. गाडी एक चक्कर मारून पुन्हा तापवून आणली, पाण्याच्या मगात दोन बोटं बुडवली आणि आधी ड्रमच्या कडेवर थेंब शिंपडले. ओले राहिले. मग एक्सलच्या तोंडापाशी, हबच्या मध्यावर. तिथे चर्र झालं आणि थेंब उडून गेले. ब्रेक घासत असता तर कड आधी तापली असती. उष्णता आतून, मधून येत होती.

एक्सलचा नट अर्धा फेरा सोडला आणि चाकाला हलकी थाप दिली. ते फिरतच राहिलं. पंख्यासारखं. मी नट पुन्हा आवळला. दीड फेरा. सोडला, पंखा. आवळला, दीड फेरा.

तेव्हा मी पोराकडे पाहिलं आणि त्याने माझ्याकडे. आणि मला जुलै महिना आठवला.

जुलैत पाऊस असा होता की गॅरेजच्या पायरीपर्यंत पाणी. आबांच्या मागच्या चाकाचं बेअरिंग वाजत होतं. दुधाची गाडी रोज पाइपाने धुतली जाते, वर पावसाळा, सील जुनं. पाणी आत शिरून बेअरिंग खाल्लेलं. चाक उतरवलं, दोन्ही बेअरिंगं ठोकून काढली. ६३०१ नंबर. त्यातला शेवटचा ०१ म्हणजे आतल्या भोकाचं माप बारा मिलिमीटर, ०२ असतं तर पंधरा, ०३ असतं तर सतरा. ०४ पासून पुढे पाचने गुणायचं. उस्तादांनी हे पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. बेअरिंगं माझ्याकडे कपाटात होती. पण त्या दोघांच्या मध्ये हबच्या आत एक नळी असते. साधी लोखंडी नळी, तिच्यातून एक्सल आरपार जातो. ती बाहेर आली तेव्हा तिचं एक तोंड गंजून फुललेलं होतं, खपल्या निघत होत्या. नळी वाईत मिळाली नाही. साताऱ्याला जाऊन आणायची म्हणजे पस्तीस किलोमीटर, पावसात, संध्याकाळचे सहा वाजलेले. आणि आबांना पहाटे चारला गाडी हवी होती. दूध थांबत नाही.

मी नळी ग्राइंडरवर धरली. तोंड स्वच्छ, चकचकीत करून घेतलं. दोन मिनिटांचं काम. बेअरिंगं ठोकली, सील घातलं, चाक चढवलं, नट आवळला. चाक किंचित जड वाटलं. त्याच दिवशी लायनरही नवे घातले होते, म्हणून म्हटलं नवे लायनर आहेत, बसतील. नट पाव फेरा मागे घेतला, चाक मोकळं झालं, गाडी दिली.

पुढे दर महिन्याला आबा चेन ताणायला यायचे. ते काम पोरगं करायचं. ऑगस्टमध्ये कधीतरी तो मला म्हणाला होता, "मिस्त्री, आबांच्या गाडीचा नट फुल आवळला की चाक जाम होतंय." मी कुणाशी तरी फोनवर बोलत होतो. हात हलवून म्हणालो, "किंचित ढिला ठेव." त्याने तसं केलं. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, तीन वेळा.

ती नळी काय काम करते हे मला पंचवीस वर्षांपासून माहीत आहे, म्हणून तर हे लिहिताना हात जड होतोय. हबमध्ये बेअरिंगाची बाहेरची कडी रुतून बसते. आतली कडी एक्सलवर असते. नट आवळला की तो दोन्ही बाजूंनी आतल्या कड्यांना एकमेकींकडे दाबतो. मध्ये बरोबर मापाची नळी असेल तर सगळा दाब एका कडीतून नळीत, नळीतून दुसऱ्या कडीत जातो, कॉलर, कडी, नळी, कडी असा एकच घट्ट खांब तयार होतो आणि गोळ्यांच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही. चाक मजेत फिरतं, नट कितीही घट्ट असो. नळी आखूड असली की तिच्या तोंडापाशी फट राहते. आता नट आवळाल तर आतली कडी त्या फटीत सरकू पाहते, बाहेरची कडी हबमध्ये अडकलेली असल्याने ती हलत नाही, आणि त्या दोघींच्या मध्ये गोळ्या कोपऱ्यात चिरडल्या जातात. एवढ्या जाडीचा एक्सल नीट आवळला तर त्यात दोन टनांच्या आसपास दाब तयार होतो. चार धडधाकट म्हशींचं वजन. ६३०१ बेअरिंग हातात घेतलं तर मुठीत मावतं. ते चाकाचं वजन वरून पेलण्यासाठी केलेलं आहे. आडवा जोर त्याला थोडाफारच सोसतो.

चाक उतरवलं. उजवीकडच्या बेअरिंगात बोट घालून फिरवलं तर आत वाळू असल्यासारखं लागलं. ग्रीस काळं पडून खरपुडी झालेली. ठोकून काढलं आणि मागून नळी आपोआप हातात घरंगळली. तिच्या एका तोंडावर निळसर झाक होती. ग्राइंडरवर लोखंड जास्त वेळ धरलं की ते तापून निळं पडतं. त्या तोंडावरच्या बारीक तिरक्या रेघाही मी ओळखल्या. माझ्या ग्राइंडरचा दगड एका बाजूने झिजलेला आहे, त्याच्या रेघा तशाच तिरक्या पडतात. सगळ्या वाईत दुसऱ्या कुणाच्या ग्राइंडरच्या तशा पडत नसतील.

आबा शेजारी उभे होते. "सापडलं का?" त्यांनी विचारलं.

"सापडलं," मी म्हणालो. "साताऱ्याहून सामान आणावं लागंल."

एवढंच म्हणालो. त्यांना घरी जायला माझी मोटारसायकल दिली.

साताऱ्याला मी स्वतः गेलो. पोराला पाठवता आलं असतं, पण पाठवलं नाही. परत येऊन नवी नळी आणि जुनी नळी काचेच्या तुकड्यावर शेजारी शेजारी उभ्या केल्या. वर पट्टी ठेवली तर तिरकी झाली. हॅक्सॉचं पातं जुन्या नळीवर ठेवलं, तरी पट्टी तिरकीच. दुसरं पातं ठेवलं तेव्हा सपाट झाली. दोन पात्यांची जाडी म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. दोन मिनिटांत मी तेवढं उडवलं होतं. पोरगं बघत होतं. त्याला मी म्हणालो, "ऑगस्टमध्ये तू सांगितलं होतंस." तो म्हणाला, "हां." दुसरं काही बोलला नाही, आणि मला ते बरं वाटलं.

बेअरिंग बसवताना या खेपेला घाई केली नाही. एक बेअरिंग आधी पार तळाला टेकेपर्यंत ठोकायचं, बाहेरच्या कडीवरच मार द्यायचा, आतल्या कडीवर कधी नाही. मग नळी सोडायची. मग दुसरं बेअरिंग ठोकत न्यायचं आणि त्याची आतली कडी नळीला टेकली की थांबायचं. टेकल्याचा आवाज वेगळा येतो, बद बद चाललेलं असतं ते एकदम टण् होतं. टेकल्यावर बोटाने नळी हलवून पाहायची. ती खडखडली तर काम झालेलं नाही, घट्ट धरलेली पण बोटाच्या जोराने सरकणारी हवी. सगळं जोडल्यावर नट आवळला. टॉर्क पाना माझ्याकडे आठ वर्षांपासून आहे, पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीसकट. तो काढला. पूर्ण आवळून चाक फिरवलं आणि ते थांबायची वाट बघत मी बिडी शिलगावली.

संध्याकाळी अण्णाकडे गेलो. तो एका ट्रॅक्टरच्या ट्यूबला पाण्यात दाबून बुडबुडे बघत होता. मी नळी खिशातून काढून त्याच्यासमोर धरली. त्याने पाण्यातून ओले हात काढले, पुसले, नळी घेऊन दोन्ही तोंडं पाहिली. निळ्या तोंडावरून अंगठा फिरवला.

"छोटी झाली," तो म्हणाला.

"माझ्याच हातनं झाली."

त्याने मान हलवली. मग मी विचारलं, तुला कसं कळलं बेअरिंगचं? तेव्हा त्याने सांगितलं की बसवलेलं प्रत्येक चाक तो नट आवळल्यावर हाताने फिरवून बघतो. ट्रकच्या दिवसांपासूनची सवय. आबांच्या गाडीचं चाक काढतानाच नट फार सहज सुटला, तेव्हा त्याला खटकलं होतं. बसवून पूर्ण आवळल्यावर चाक जड झालं. त्याने काढून कॉलर पाहिली, पॅनेल पाहिलं, पुन्हा बसवलं. तेच. टायरमुळे असं होत नाही एवढं त्याला माहीत होतं.

"मग ढिला ठेवायचा की किंचित," मी म्हणालो. म्हणजे तोंडातून निघून गेलं. चार महिने जे करत आलो तेच.

अण्णा माझ्याकडे बघत राहिला. "घाट आहे ना मिस्त्री. ऐंशी लिटर दूध. ढिला सोडला तर चाक मागं-पुढं सरकणार, चेन उतरणार. जाम झालं तर माणूस तुमच्याकडे येईल. ढिलं राहिलं तर..." पुढचं वाक्य त्याने मराठीत शोधलं नाही. ट्यूब पुन्हा पाण्यात दाबली.

पसरणीच्या घाटात एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला दरी आहे. पहाटे, कार्तिकात, धोमच्या पाण्यावरून उठलेलं धुकं त्या वळणांवर बसलेलं असतं. जुलैपासून रोज आबा त्या वळणांवरून माझा पाव फेरा ढिला नट घेऊन वर गेले आणि खाली आले. नट लॉकचा होता म्हणून निसटला नाही. या सगळ्यात ते मागचं चाक पूर्ण आवळणारा एकच माणूस निघाला आणि त्यालाच मी सकाळी चौघांत हसलो होतो. उस्तादांचा नियम शेवटच्या हातापाशी थांबतो. त्याच्या आधीचा हात विचारणाऱ्याचाच असेल तर काय, याबद्दल त्यांनी काही सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी फोनवर असेन.

टायर बदलून आणलात की घरी एकदा गाडी डबल स्टँडवर घ्या आणि चाक हाताने फिरवा. जड लागलं तर नट सैल करून घेऊ नका. आणि टायरवाल्याशी भांडायच्या आधी त्या चाकाला यापूर्वी कुणी हात लावला होता ते आठवा, मग तो तुमचा नेहमीचा, घरच्यासारखा मिस्त्री का असेना.

आबांना दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. दोन बेअरिंगं, नळी, सील, मजुरी, कशाचे पैसे घेतले नाहीत. ते म्हणाले, "आवं, हुतंय कवातरी," आणि कॅन अडकवून निघून गेले. अण्णाकडे आता माझी स्वतःची गाडीही टायरला जाते. टपरीवरच्या त्या चौघांना मात्र मी अजून सांगितलेलं नाही.